रिंगण आणि पंगत

महाविद्यालयाच्या पहिल्या आठवड्यात किंवा विद्यार्थी-शिबिराच्या पहिल्या संध्याकाळी निरनिराळ्या गावांतून आणि निरनिराळ्या परिस्थितीतून आलेली चाळीस-पन्नास मुलेमुली एका दालनात जमतात, आणि ज्याचा तो आपल्याच गावच्या, आपल्याच शाळेच्या किंवा आपल्याच बोलीच्या सोबत्याला धरून बसतो. अशा वेळी सर्वांना उठवून वर्तुळात उभे करावे, एकमेकांची नावे पाठ करून घ्यावीत, जमलेल्या जोड्या मोडून नव्या जोड्या लावाव्यात आणि दोन-चार खेळ झाल्यावर मगच मुख्य कार्यक्रमास हात घालावा, हा शिरस्ता आता आपल्या शिक्षणसंस्थांत चांगलाच रुळला आहे. कोणी त्याला आइसब्रेकर म्हणतात, कोणी ओळखीचे खेळ म्हणतात, तर कोणी गटबांधणी. कित्येक प्राध्यापकांना तो वेळेचा अपव्यय वाटतो आणि कित्येकांना कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांतून उचललेला एक पाश्चात्य शौक वाटतो. जे तो हौसेने चालवितात त्यांनाही त्याची पूर्वपीठिका क्वचितच ठाऊक असते. वस्तुतः या प्रथेला शंभराहून अधिक वर्षांचा गंभीर इतिहास आहे. तो वाचू लागले की एक गोष्ट पुनःपुन्हा समोर येते: ज्यांनी ज्यांनी हे खेळ रचले, त्यांच्यासमोर समाजाने एकमेकांपासून दूर ठेवलेली मुले होती, आणि तो दुरावा मोडणे हेच त्यांचे प्रयोजन होते. दुसरीही एक गोष्ट त्याच इतिहासातून सिद्ध होते, ती ही की, केवळ खेळाने तो दुरावा कायमचा मोडला, असे सहसा घडले नाही.

आपल्याकडील मूळ शोधू गेल्यास प्रथम आषाढी वारीच्या वाटेवर थांबावे लागते. पालखीमार्गावरील ठरलेल्या माळावर रिंगण लागते, अश्व दौडून जातो, आणि मग टाळकरी, पखवाजी, विणेकरी, तुळशीवृंदावन डोईवर घेतलेल्या बाया अशी जी एकच झुंबड उडते, तीत कालपर्यंत एकमेकांचे नावही न विचारलेली माणसे हात धरून फुगडी घालतात, पावली खेळतात आणि वयाचा किंवा हुद्द्याचा मुलाहिजा न ठेवता एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतात. फुगडीची रचना जरा निरखून पाहण्यासारखी आहे. दोघांनी समोरासमोर पावले जुळवून उभे राहायचे, हातांची कातर करून एकमेकांचे पंजे घट्ट धरायचे, अंग मागे झोकून द्यायचे आणि मग गरगर फिरायचे. यात प्रत्येकाचा सारा तोल दुसऱ्याच्या मुठीत असतो आणि एकाने हात सोडला की दोघेही पडतात. परस्परविश्वासाचे म्हणून जे खेळ आज प्रशिक्षणवर्गांत शिकविले जातात, त्यांचे सारे तत्त्व या एका फुगडीत सामावलेले आहे.

परंतु त्याच वारीविषयी इरावती कर्वे यांनी 'परिपूर्ती' या १९४९ च्या संग्रहातील 'वाटचाल' या लेखात जे नोंदवून ठेवले, तेही विसरता येत नाही. ज्या दिंडीबरोबर त्या चालल्या, तीत ब्राह्मण होते आणि मराठेही होते. सारे एकाच वाटेने चालत, एकाच सुरात अभंग म्हणत, परंतु मुक्काम पडला की त्यांचा स्वयंपाक निराळा होई आणि जेवणेही निराळी होत. बाईंना ते अतिशय लागले आणि त्यांनी ते लपविले नाही. रिंगण सर्वांना मोकळे झाले होते. पंगत मात्र मोकळी झाली नव्हती. प्रस्तुत लेखाचा सारा विषय या दोहोंमधील अंतराचा आहे.

विद्यार्थ्यांपुरते पाहिल्यास या प्रथेला आधुनिक स्वरूप जेथे आले, त्या ठिकाणांपैकी एक म्हणजे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतचे ब्राउनसी बेट. सन १९०७ च्या ऑगस्टमध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल या सेनाधिकाऱ्याने तेथे वीस-बावीस मुलांची छावणी भरविली. काही मुले ईटन आणि हॅरो यांसारख्या धनिकांच्या शाळांतली होती, तर काही पूल आणि बोर्नमथ या जवळच्या शहरांतील कष्टकरी घरांतून आलेली होती. त्या काळच्या इंग्लंडात या दोन थरांतील मुलांनी एका तंबूत निजणे ही सामान्य गोष्ट नव्हती. त्यांचे उच्चार निराळे, कपडे निराळे आणि पुढे वाट्यास येणारे आयुष्यही निराळे होते. बेडन-पॉवेल यांनी त्यांचे चार संघ केले, त्यांना लांडगा, बैल, कावळा आणि कुरल पक्षी यांची नावे दिली, प्रत्येक संघात दोन्ही थरांतील मुले घातली आणि खांद्यावर लावायला संघाच्या रंगाचे लोकरी गोंडे दिले. सकाळी आफ्रिकेतून आणलेले कुडू हरणाचे शिंग फुंकून छावणी जागी केली जाई. मग दिवसभर माग काढणे, गाठी मारणे आणि स्वयंपाक करणे ही कामे संघाने मिळून करायची. बापाचा दर्जा कोणताही असो, आठवडाभर मुलाची ओळख त्याच्या गोंड्याच्या रंगावरून व्हावी, अशी ही तजवीज होती.

या छावणीतून निघालेल्या स्काउट चळवळीच्या १९०८ मधील आद्य पुस्तकात जो एक खेळ आला आणि जो आजही आपल्या शाळांच्या स्काउट पथकांत खेळला जातो, त्या 'किम्स गेम'चा उगम तर हिंदुस्थानात घडणाऱ्या एका कथेत आहे. किप्लिंगच्या १९०१ मधील 'किम' या कादंबरीत सिमल्याचा एक जवाहिऱ्या तबकातील रत्ने मुलाला क्षणभर दाखवून झाकतो आणि काय पाहिले ते सांगायला लावतो. स्काउटांनी तबकात चोवीस निरनिराळ्या वस्तू मांडल्या, त्या मिनिटभर पाहायला दिल्या आणि वरून कापड टाकले. हा खेळ संघाने मिळून खेळला म्हणजे एक मौज दिसते. शेतकऱ्याच्या पोराला दोरीचा पीळ आठवतो, शिंप्याच्या पोराला गुंडीची भोके आठवतात, आणि वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलाच्या हिशेबातून नेमक्या त्याच वस्तू निसटलेल्या असतात. सारे तबक कोणा एकालाच दिसत नाही आणि ज्याला आपण मागासलेला समजत होतो त्याच्यावाचून आपली यादी पुरी होत नाही, हा बोध कोणीही न सांगता होतो.

मात्र दुरावा मोडण्यासाठी निघालेली ही चळवळ १९०९ मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थानात आली, ती प्रथम युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठीच. हिंदी मुलांना तिच्या रिंगणात प्रवेश नव्हता. त्याला उत्तर म्हणून ॲनी बेझंट यांनी मद्रासेस हिंदी मुलांची स्वतंत्र संघटना काढली आणि १९१८ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादेस सेवा समितीची स्काउट संघटना स्थापिली. हे निरनिराळे प्रवाह भारत स्काउट्स आणि गाइड्स या नावाखाली अधिकृतपणे एकत्र आले ते स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या नोव्हेंबरमध्ये. खेळ कितीही समतेचा असला, तरी रिंगणात कोणाला घ्यायचे हे ठरविणाऱ्याच्या मनात समता नसेल तर तो खेळही विषमतेचाच एक सरंजाम होऊन बसतो, हे या चाळीस वर्षांनी दाखवून दिले.

याच सुमारास अटलांटिकपलीकडे शिकागो शहरातील हॉल्स्टेड रस्त्यावर या विषयाचे दुसरे आणि अधिक खोल प्रकरण लिहिले जात होते. जेन ॲडम्स आणि एलेन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये तेथे हल हाउस हे सेवागृह उघडले. भोवताली इटालियन, ग्रीक, जर्मन, बोहेमियन, आयरिश आणि रशिया-पोलंडमधून आलेले ज्यू असे देशोदेशींचे गरीब लोक दाटीवाटीने राहत. त्यांच्या मुलांना एकमेकांची भाषा येत नसे आणि आईबापांचे पिढीजात द्वेष मात्र अंगवळणी पडलेले असत. येथे नीवा बॉइड या बाईने खेळाचे शास्त्र उभारले. तिने १९११ मध्ये शिकागोत क्रीडांगणावर काम करणाऱ्यांसाठी शाळा काढली, निरनिराळ्या देशांचे लोकखेळ गोळा करून प्रसिद्ध केले आणि १९२१ पासून हल हाउसमध्ये मनोरंजन-कार्यकर्त्यांचा अभ्यासक्रम चालविला. तिचा सिद्धांत साधा होता. खेळात मूल आपण होऊन नियमाचे बंधन पत्करते, कोणाच्या धाकाने पत्करत नाही. आणि अशा आपखुशीने पत्करलेल्या नियमांखाली जी मुले एकत्र येतात, ती सामाजिक जीवनाची पहिली तालीम घेत असतात.

रशियन-ज्यू स्थलांतरितांच्या घरी जन्मलेली व्हायोला स्पोलिन ही १९२४ ते १९२७ या काळात बॉइडबाईंच्या हाताखाली शिकली. पुढे मंदीच्या काळात, १९३९ पासून, सरकारी रोजगार-योजनेत नाट्यविभागाची पर्यवेक्षक म्हणून तिची नेमणूक झाली, तेव्हा भाषा आणि वंश यांनी विभागलेल्या मुलांकडून आणि प्रौढांकडून नाटक करवून घेण्यासाठी तिने स्वतः खेळ रचले. त्यांतला आरशाचा खेळ आज जगभर, आपल्या नाट्यशिबिरांतही, खेळला जातो. दोघे समोरासमोर उभे राहतात. एक हात उचलतो, मान वळवतो, गुडघे वाकवतो. दुसरा आरशातल्या प्रतिबिंबाप्रमाणे तेच आणि त्याच क्षणी करतो. थोड्या वेळाने खेळविणारा पुकारतो की, आता भूमिका बदला. पुन्हा थोड्या वेळाने पुकारतो, पुन्हा बदला. आणि ही पुकार जलद होत होत शेवटी अशी अवस्था येते की, कोण चालवतो आणि कोण अनुसरतो हे दोघांनाही सांगता येत नाही. एका शब्दाचीही गरज नसल्यामुळे ज्याला भाषा येत नाही तो यात मागे पडत नाही, आणि दुसऱ्याकडे एकाग्र चित्ताने पाहिल्यावाचून कोणालाच पुढे जाता येत नाही. स्पोलिनचे खेळ १९६३ मध्ये पुस्तकरूपाने आले आणि रंगभूमीबरोबरच शाळांच्या वर्गांतही पसरले.

शिकागोत नीवा बॉइडची शाळा भरात होती त्याच दशकात सातारा शहरात भाऊराव पाटील यांनी जो प्रयोग मांडला, त्याला कोणी खेळ म्हणणार नाही. परंतु विद्यार्थ्यांचा समूह कसा घडवावा या प्रश्नाला महाराष्ट्राने दिलेले सर्वांत धीट उत्तर तेच आहे. रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये निघाली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. त्या वेळी इलाख्यातील बहुतेक वसतिगृहे जातवार होती आणि ज्या जातीचे वसतिगृह त्याच जातीची मुले, हा रिवाज उदार माणसांनाही खटकत नसे. भाऊरावांनी महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान अशी सारी पोरे एका छपराखाली आणली. पाळीने पाणी भरायचे, पाळीने दळायचे, पाळीने भाकरी थापायची आणि एका पंगतीत जेवायचे, हा तेथला नेम होता. ज्याच्या हातचे पाणी गावात विटाळ मानले जाई, त्याच्या हातची भाकरी येथे खाल्ल्यावाचून दिवस सरत नसे. पैशाची ओढाताण इतकी की भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रही, मुलांच्या अन्नासाठी मोडले. ओळख करून देण्याचा निराळा तास त्या वसतिगृहात कधी लागला नसेल. तशी गरजही नव्हती, कारण ज्याच्याबरोबर रोज जाते ओढायचे आहे त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. वारीच्या वाटेवर अडलेली पंगत येथे मोकळी झाली.

खेळ आणि पंगत या दोहोंचा संगम पुढे राष्ट्र सेवा दलाच्या शाखांत आणि शिबिरांत झाला. एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली ४ जून १९४१ रोजी पुण्यात दलाची नव्याने उभारणी झाली आणि साने गुरुजींच्या प्रेरणेने ते महाराष्ट्रभर पसरले. संध्याकाळी मैदानावर हुतूतू, लेझीम, समूहगीते आणि कवायत, मग बौद्धिक, आणि सुटीत शिबिर, ज्यात झाडलोट, संडाससफाई आणि वाढणे ही कामे गटवार वाटलेली. मुले आणि मुली एकाच मैदानावर येत, ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती. या शिबिरांतून शिबिरार्थी, गटप्रमुख, बौद्धिक, श्रमदान हे शब्द मराठी विद्यार्थिजीवनात रुजले; पुढे ज्या संस्थांचा दलाशी काहीही संबंध नव्हता त्यांनीही शिबिर भरवायचे ठरविले की वेळापत्रक याच घाटाचे होऊ लागले.

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेत या अनुभवांना शास्त्राची बैठक मिळू लागली, आणि ती देणारे प्रमुख गृहस्थ स्वतः द्वेषाचे बळी होते. कुर्ट लेविन हे ज्यू मानसशास्त्रज्ञ १९३३ मध्ये जर्मनी सोडून अमेरिकेस गेले. मागे राहिलेली त्यांची आई नाझींच्या छळछावणीत मारली गेली. आयोवा विद्यापीठात लेविन आणि त्यांचे सहकारी लिपिट व व्हाइट यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांची मंडळे करून त्यांना मुखवटे बनविण्यासारखी कामे दिली आणि प्रत्येक मंडळाला निराळ्या वृत्तीचा नायक दिला. हुकूमशाही नायकाच्या मंडळात तो समोर असेपर्यंत काम जोरात चाले आणि तो बाहेर गेला की थंडावे. विचारविनिमयाने चालणाऱ्या मंडळात नायकाच्या पाठीमागेही काम सुरू राही. सन १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष प्रत्येक वर्गशिक्षकाने भिंतीवर लावून ठेवावा इतक्या मोलाचा आहे.

पुढे १९४६ च्या उन्हाळ्यात कनेक्टिकट राज्याच्या वंशविषयक आयोगाने शिक्षक आणि समाजकार्यकर्ते यांच्यासाठी न्यू ब्रिटन येथे एक कार्यशाळा भरविली. वांशिक तेढ कशी कमी करावी, हा विषय होता. दिवसभर गटचर्चा चालत आणि रात्री तज्ज्ञ मंडळी, कोणत्या गटात काय घडले, कोण कसा वागला, याच्या नोंदी एकमेकांना वाचून दाखवीत. काही शिबिरार्थींनी आपल्यालाही तेथे बसू द्यावे अशी विनंती केली. लेविन यांनी परवानगी दिली. मग असे झाले की, एका बाईविषयीची नोंद वाचली जाताच त्या स्वतःच बोलून उठल्या की, ते तसे घडलेच नव्हते. त्यावर चर्चा रंगली, आणि दुसऱ्या रात्री अधिक लोक आले. आपल्या वागण्याचे वर्णन आपल्याच तोंडावर, परंतु सद्भावनेने, ऐकण्यात केवढे शिक्षण आहे, हे त्या रात्रींतून कळले. प्रत्येक खेळानंतर गोल बसून काय वाटले, काय घडले याविषयी बोलण्याची जी पद्धत आज सर्वत्र आहे, तिच्या उगमांतील एक मोठा उगम येथे आहे. लेविन यांचे १९४७ च्या फेब्रुवारीत निधन झाले. त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच उन्हाळ्यात मेन राज्यातील बेथेल येथे गटप्रशिक्षणाची कायम शाळा सुरू केली.

परंतु एकत्र आणले की माणसे जवळ येतात, या भाबड्या समजुतीला खरा धक्का दिला तो मुझफर शेरीफ या तुर्कस्तानात जन्मलेल्या शास्त्रज्ञाने. सन १९५४ च्या उन्हाळ्यात ओक्लाहोमातील रॉबर्स केव्ह उद्यानात त्याने बावीस मुलांचे दोन गट, एकमेकांना न दाखवता, निरनिराळे उतरविले. एकाने 'रॅटलर्स' हे नाव घेतले आणि दुसऱ्याने 'ईगल्स'. मग बक्षिसासाठी सामने लावताच काही दिवसांत शिवीगाळ, झेंड्याची जाळपोळ आणि खोल्यांवर छापे सुरू झाले. पुढे दोघांना एकत्र जेवायला बसविले, एकत्र चित्रपट दाखविला. त्याने काही साधले नाही, उलट जेवणघरात एकमेकांवर अन्न फेकण्यापर्यंत मजल गेली. शेवटी पाण्याची वाट अडली आणि सर्वांनी मिळून दोष शोधला. चित्रपटासाठी सर्वांनी मिळून पैसे जमविले. आणि अन्न आणणारी मालमोटार अडून बसली तेव्हा ज्या दोराने पूर्वी रस्सीखेच खेळली होती, तोच दोर मोटारीला बांधून दोन्ही गटांनी एका दिशेने ओढला. असे चार-पाच प्रसंग झाल्यावर वैर ओसरले, आणि परतीच्या वाटेवर रॅटलर्सनी आपल्या बक्षिसाचे पैसे सर्वांच्या पेयांवर खर्च केले.

या प्रयोगातील पुष्कळशा अडचणी शास्त्रज्ञांनीच घडवून आणलेल्या होत्या आणि मुलांना त्याची कल्पना नव्हती, याविषयी पुढे सार्थ टीका झाली. तथापि त्याच्या आदल्या वर्षी न्यूयॉर्क राज्यात केलेला आणि अर्धवट सोडावा लागलेला प्रयोग तितकाच बोलका आहे. तेथे मुलांना आधी एकत्र राहू दिले होते आणि मग त्यांचे गट पाडले होते. परंतु एकदा मैत्री जुळल्यावर ती मुले काही केल्या एकमेकांवर उठेनात, आणि छावणी आवरावी लागली. दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले की आपल्या विषयाचा निवाडा होतो. फळ्या पडण्याआधी झालेली ओळख माणसाला पुष्कळ काळ सांभाळते. फळ्या पडल्यानंतर मात्र नुसती सहभोजने आणि करमणुकी पुरत नाहीत, तेथे सर्वांना लागणारे आणि एकट्याला न पेलणारे काम लागते. साताऱ्याची पंगत टिकली याचे कारणही हेच असले पाहिजे: ती भाकरी मुलांनी मिळून दळलेल्या पिठाची होती.

स्वतंत्र भारताने हे तत्त्व राष्ट्रीय धोरणात आणण्याचा यत्न केला, त्याच्या आरंभी एक मराठी नाव आहे. डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली १९५९ मध्ये नेमलेल्या समितीने विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रसेवा सक्तीची करावी अशी शिफारस केली. सक्ती झाली नाही, पुढे के. जी. सैयदैन यांचा अभ्यास आणि कोठारी आयोगाचा अहवाल यांतून योजना ऐच्छिक झाली, आणि गांधी-जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. शहरातल्या मुलांनी खेड्यात जाऊन मुक्काम करायचा, सकाळी पाझर-तलावाची माती काढायची किंवा बांध घालायचे आणि रात्री ग्रामस्थांसमोर कार्यक्रम करायचा, हा शिबिराचा क्रम महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांनी अनुभवला आहे. त्याच सुमारास चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी श्रमसंस्कार छावण्या सुरू केल्या. मे महिन्याच्या उन्हात महाराष्ट्रभरची तरुण मुले तेथे जात आणि कुष्ठरोगातून बरे झालेल्या माणसांच्या बरोबरीने कुदळ मारीत. ज्यांच्या सावलीचीही लोकांना भीती वाटे, त्यांच्याच हातची शेती पाहून आणि त्यांच्याच हातचे अन्न खाऊन ती मुले घरी परतत. साताऱ्याच्या परंपरेतील हा पुढचा टप्पा होता.

पाश्चात्य देशांत या खेळांची पुढची वाटचाल मुख्यतः साहसाच्या दिशेने झाली. महायुद्धात बोटी बुडाल्यावर तरुण खलाशी वयस्करांपेक्षा लवकर हाय खातात, या चिंतेतून १९४१ मध्ये कुर्ट हान यांनी जहाजमालक लॉरेन्स होल्ट यांच्या साह्याने वेल्सच्या किनाऱ्यावर 'आउटवर्ड बाउंड' शाळा काढली. आणि १९७१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील हॅमिल्टनच्या शाळेत 'प्रोजेक्ट ॲडव्हेंचर' या उपक्रमाने ते साहस डोंगरदऱ्यांतून शाळेच्या अंगणात, दोर आणि फळ्यांच्या साध्या मांडणीवर, आणले. तेथून ते कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत गेले, आणि अलीकडे तेथूनच, पुष्कळदा मूळ प्रयोजन मागे टाकून, आपल्या महाविद्यालयांत आले आहे. म्हणून आज असे दिसते की, खेळ तोच असतो, परंतु तो कोणाला कोणाच्या जवळ आणण्यासाठी आहे याचा विचार झालेला नसतो; तासभर हशा-टाळ्या होतात, छायाचित्रे निघतात, आणि दुपारच्या डब्याला मुले पुन्हा आपापल्या कोंडाळ्यात परततात.

या प्रथेची एक विकृती आपल्या वसतिगृहांनी पाहिली आहे, तिचाही उल्लेख टाळता येत नाही. ओळख करून घेण्याच्या मिषाने वरच्या वर्गातील मुलांनी नवागतांना रात्री उठवावे, सर्वांसमोर उभे करावे, नाव-गाव-जात विचारून अपमानास्पद हुकूम सोडावेत, या प्रकाराने कित्येक कोवळी आयुष्ये करपली, आणि अखेर महाराष्ट्र शासनाला १९९९ मध्ये रॅगिंगला मनाई करणारा कायदा करावा लागला. वरून पाहता खेळ आणि छळ यांचा साचा सारखाच दिसतो: वर्तुळ आहे, मधे एकटा उभा आहे, भोवती हसणारे आहेत. भेद एवढाच की, खेळात मधे उभे राहण्याची पाळी सर्वांवर येते, खेळविणाऱ्यावरही येते आणि ज्याला नको वाटते त्याला बाजूला बसण्याची मुभा असते. हा भेद जो शिक्षक पाळत नाही, जो लाजाळू मुलाला सर्वांसमोर नाचायला लावून आपण खुर्चीवर बसून राहतो, त्याने हेतू चांगला असूनही चुकीच्या वाटेवर पाऊल टाकलेले असते.

या साऱ्या इतिहासातून शिक्षकाने आणि कार्यक्रम अधिकाऱ्याने घ्यायचा तो बोध मोजकाच आहे. ओळखीचे खेळ पहिल्याच दिवशी, फळ्या पडण्यापूर्वी घ्यावेत. गट हजेरीपटाच्या क्रमाने किंवा मुलांच्या मर्जीने पाडू नयेत, तर आपल्या वर्गात कोण कोणाशी बोलत नाही हे आधी पाहून पाडावेत. खेळ असा निवडावा की ज्यात भाषा, पैसा किंवा गुण यांची मातब्बरी चालत नाही. खेळ संपल्यावर मुलांना बोलू द्यावे आणि आपण ऐकावे. आणि आठवडा उलटण्याच्या आत त्याच गटांना असे एखादे खरे काम द्यावे, मग ते ग्रंथालयातील पुस्तकांची मांडामांड असो, रोपवाटिका असो, शेजारच्या वस्तीतील सर्वेक्षण असो की स्वतः रांधून सर्वांना वाढायचे जेवण असो, जे एकाला होण्याजोगे नाही आणि ज्याचे फळ सर्वांना मिळते. त्या कामात शिक्षकाने स्वतः हात घालावा. आजही आपल्या महाविद्यालयांत जातीची, भाषेची आणि फीच्या रकमेची अंतरे आहेत, आणि ती मोडण्याची संधी प्रत्येक जून-जुलैमध्ये नव्याने दारात येते. ज्यांच्या हाती ही मुले सोपविलेली आहेत त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, यंदा त्यांनी रिंगण जरूर धरावे, परंतु पंगतीची तरतूद केल्यावाचून ते उठवू नये.